डोथनची बहीण

विनेल स्ट्राउडला भगिनीमंडळात यायचं बोलावणं आलं ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आणि आलं कुठे, तर त्या मंडळाच्याच कपडे धुवायच्या खोलीत, ती कुणाच्या तरी मोज्याचा जोडीदार शोधत मशीनमध्ये वाकलेली असताना. तुम्ही म्हणाल, त्याच घरात राहत होती तर बोलावणं कसलं? राहत होती ना! अकरा वर्षं राहत होती. रोज जेवणाच्या टेबलाच्या वरच्या टोकाला बसत होती. पण घरात असणं वेगळं आणि मंडळात असणं वेगळं, हे आमच्या अलाबामात शेंबड्या पोरालासुद्धा कळतं.

मंडळाचं नाव एटा लॅम्डा. विद्यापीठाच्या रस्त्यावर अशा मंडळांची घरं एकाला एक लागून उभी आहेत. सगळ्यांना पांढरे खांब, सगळ्यांच्या व्हरांड्यात डुलत्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर फोटो काढण्यापलीकडे कुणी कधी बसत नाही. घरात कॉलेजात शिकणाऱ्या साठेक पोरी. त्या एकमेकींच्या बहिणी. सख्ख्या नव्हेत, शपथेच्या. पण भांडतात सख्ख्यांपेक्षा जास्त आणि गळ्यातही जास्त पडतात. आणि या सगळ्या बहिणींना सांभाळायला एक हाऊसमदर. हाऊसमदर म्हणजे पगारी आई. कोण जेवत नाही, कुणाचं कालच मोडलं, कोण डोळे सुजवून नाश्त्याला आलं, हे तिने बघायचं. मुलगा भेटायला आला तर जिन्याच्या पहिल्या पायरीला त्याला थांबवायचं. संडास तुंबला की नळवाल्याला फोन करायचा. आणि सोमवारी संध्याकाळी पोरी पांढरे कपडे घालून तळघरातल्या खोलीत बैठकीला गेल्या, की त्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं, म्हणजे पिझ्झावाला चुकून आत शिरायला नको. आत गाणी, शपथा, हात मिळवायच्या गुप्त तऱ्हा. आपल्याला काय करायचंय त्यांच्या गुपितांशी, असं विनेल म्हणायची. खोटं बोलायची.

कारण हेच घर, हेच खांब, आणि अठरा वर्षांची विनेल. ओप नावाच्या गावाहून ती इथे शिकायला आली होती. बापाचं गुराढोरांच्या पेंडीचं दुकान. आईने चित्रातला नमुना बघून पिवळा झगा शिवून दिला होता, आणि तो अंगावर असा बसला होता की आईला वाटलं आता पोरगी जिंकलीच. कॉलेज उघडायच्या आधी ऑगस्टच्या मरणाच्या उकाड्यात आमच्याकडे नव्या पोरी मंडळात शिरायला दारोदार फिरतात. एका घरात जायचं, दारात उभ्या असलेल्या पोरींची गाणी ऐकायची, लिंबाच्या सरबताचा पेला धरून हसत गप्पा मारायच्या, घंटा झाली की पुढच्या घरी. घरं पोरींना निवडतात आणि पोरी घरांना, असं सांगतात. पहिलं खरं असतं. विनेलचा जीव एटा लॅम्डावर जडला. का, ते तिला कधीच सांगता आलं नाही; एका पोरीने तिच्या झग्याची तारीफ केली होती एवढंच. दुसऱ्या फेरीला तिला तिथून बोलावणं आलं नाही. मग कुठूनच आलं नाही. एका जुन्या पोरीला दया आली, तिने सांगितलं, ''अगं, तुझ्याबद्दल कुणी एक वाकडा शब्द काढला नाही. सगळ्या म्हणाल्या, किती गोड आहे!''

विनेलने ते वाक्य कित्येक वर्षं जपून ठेवलं. हाऊसमदर झाल्यावर पहिल्याच ऑगस्टमध्ये, निवडीच्या दिवशी, उघड्या राहिलेल्या दारातून तिने त्या शब्दाचा अर्थ ऐकला. आत पोरी मतं देत होत्या. कुणी देखणी असेल तर देखणी म्हणत, गाणारी असेल तर गाणारी, बापाच्या चार गिरण्या असतील तर बोलायचीही गरज नसे. आणि जिच्याबद्दल काहीच बोलण्यासारखं नसेल तिच्यासाठी एक शब्द राखून ठेवलेला. ''गोड आहे गं.'' झालं. पुढचं नाव. विनेल दाराआड आइस-टीचा जग हातात घेऊन उभी होती. तिने जग खाली ठेवला आणि दार लावून घेतलं.

तर ती अठराव्या वर्षी नाताळला घरी गेली ती परत आलीच नाही. ड्वाइटशी लग्न केलं. ड्वाइट ट्रॅक्टर विकायचा, भला माणूस होता, मुलंबाळं झाली नाहीत. तो गेला, घर विकलं, आणि कुणीतरी सांगितलं की विद्यापीठात एका घराला हाऊसमदर हवी आहे. कुठल्या घराला, हे कळल्यावर विनेल जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ज्या घराने तिला दारातून वाटेला लावलं होतं त्याच घराने तिच्या हातात सगळ्या दारांच्या किल्ल्या दिल्या. पिवळ्या झग्याची गोष्ट तिने तिथे कुणाला सांगितली नाही.

आता धुण्याच्या खोलीत परत येऊ. आलेल्या बाई होत्या मिसेस मेरी अल्डन प्रुइट. मंडळाच्या जुन्या पोरींची एक समिती असते, घर त्यांच्या ताब्यात. तिच्या ह्या अध्यक्षा. नवरा दातांचा डॉक्टर, अर्ध्या जिल्ह्याचे वाकडे दात त्याने सरळ केलेत. मिसेस प्रुइट विनेलपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण त्या तिला 'विनेल' म्हणायच्या आणि विनेल त्यांना 'मिसेस प्रुइट'. धुण्याच्या खोलीत त्यांचं पाऊल त्याआधी कधी पडलं नव्हतं.

''अय्या विनेल, इथे आहेस होय! आणि केस किती छान बसलेत गं आज तुझे!''

आमच्याकडे पहिलं वाक्य केसांचं असतं. मुद्दा चौथ्या-पाचव्या वाक्याला येतो, आणि वाईट असेल तर येतच नाही. तुमचा तुम्ही ओळखायचा.

''विनेल, अगं पोरींच्या मनात एक आलंय,'' मिसेस प्रुइटनी तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ''तुला मंडळात घ्यायचंय. रीतसर. शपथ, मंडळाची पिन, सगळं.''

''मला?'' विनेल म्हणाली. ''या वयात?''

''वयाचं काय घेऊन बसलीस! नियमात बसतं ते. सोमवारी पोरी मत घेतील, सगळ्यांचा होकार लागतो, पण तो आपला नुसता उपचार. तुला कोण गं नाही म्हणणार? तू इतकी गोड!''

इथे विनेलचे कान उभे राहायला हवे होते. अकरा वर्षं त्या घरात काढलेली बाई ती! पण आनंदाने माणूस बहिरं होतं. तिला फक्त 'पिन' ऐकू आलं.

''आणि मग तुलाही मेलीला जरा विसावा मिळेल,'' जाता जाता मिसेस प्रुइट म्हणाल्या. ''पोरींसाठी खूप केलंस बाई तू.''

त्या गेल्यावर विनेलने कुणाच्या तरी टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडून घेतलं. मग तो टॉवेल पुन्हा धुवायला टाकला.

पुढचे दोन-तीन दिवस ती अशी काही चालत होती की आचाऱ्याने विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन करून आलात का. खोलीचं दार लावून तिने ड्वाइटची टायची पिन छातीवर डाव्या बाजूला लावून आरशात पाहिली. मंडळाची पिन तिथेच लावतात. मिसेस प्रुइटना तोंडावर 'मेरी अल्डन' म्हणून पाहिलं, अर्थात आरशात. बहिणी एकमेकींना नावानेच हाक मारतात.

आणखी एक गंमत होती. मंडळात नव्या आलेल्या प्रत्येकीला एक 'थोरली' मिळते. जुन्यांपैकी एक जण तिची जबाबदारी घेते, तिला रीतीभाती शिकवते, भेटी देते, सांभाळून घेते. ही जागा हॉलिसने पटकावली होती. हॉलिस एकोणीस वर्षांची, लांब पायांची, आठवड्यातून दोनदा किल्ली हरवणारी. मागच्या हिवाळ्यात तिला तापाने महिनाभर लोळवलं, तेव्हा विनेलने तिला आपल्या खोलीत आणून सूप पाजलं होतं, आणि दुपारच्या दुपारी दोघींनी गप्पा मारल्या होत्या.

''मिस विनेल, मी तुमची थोरली होणार,'' हॉलिस म्हणाली. ''मग माझं सगळं ऐकावं लागेल तुम्हाला.''

''आधी तुझी किल्ली कुठाय ते सांग, थोरले.''

''तुमच्याकडेच असेल ना. नेहमी तुमच्याकडेच असते.''

सोमवार आला. विनेल दाराबाहेर खुर्ची टाकून बसली, पण त्या दिवशी निळा चांगला झगा घालून. मिसेस प्रुइट मोत्यांची माळ घालून खास पाहुण्या म्हणून आत गेल्या. त्या घरात मत अजून जुन्या पद्धतीने घेतात: लाकडी पेटी फिरते, जिने तिने आत हात घालून गोटी टाकायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एक काळी निघाली तरी विषय त्या बैठकीपुरता तिथेच थांबतो.

बैठक लांबली. दार उघडलं तेव्हा पोरी एकदम बाहेर आल्या आणि त्यांतली एकही तिच्याकडे बघेना. सटन म्हणून मंडळाची प्रमुख मुलगी होती, ती हसत पुढे आली. ''मिस विनेल, अहो वेळच पुरला नाही बघा! पुढच्या सोमवारी नक्की. हा रंग किती खुलतो तुम्हाला!''

रंगाचं ऐकलं आणि विनेलला कळलं. काळी निघाली होती.

खुर्ची उचलून तिने जागेवर ठेवली. खोलीत जाऊन निळा झगा काढला. पंचेचाळीस वर्षांत एवढं सगळं झालं, ड्वाइट आला नि गेला, केस पांढरे झाले, आणि आत दुखलं ते मात्र अगदी त्याच जागी, तेवढंच. तिला स्वतःचाच राग आला. म्हातारपणी हे काय, असं ती स्वतःला मोठ्याने म्हणाली.

पण तीन दिवस दुसरा विचार सुचेना: कोण? टेबलाच्या टोकावरून ती एकेक चेहरा निरखायची. संशय येऊन थांबला मार्लोवर. मार्लोला शरद ऋतूत मागच्या जिन्यावर एका मुलाबरोबर पकडून विनेलने चांगलं झापलं होतं. हीच! दुसरं कोण? मग गरम पावांची टोपली मार्लोपर्यंत पोचायच्या आधी रिकामी व्हायला लागली. मार्लोने लोणी मागितलं तर विनेलला ऐकू जाईना. पगारी का होईना, आई होती ती. पण आयासुद्धा डावं-उजवं करतात.

गुरुवारी दुपारी हॉलिस तिच्या खोलीत आली. पलंगावर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग होता. हॉलिसने न सांगताच एक टॉवेल उचलला आणि वाईट घडी घालायला लागली.

''मिस विनेल, मार्लोला पाव द्या हो. तिने नाही टाकली.''

''तुला काय माहीत?''

''मी टाकली.''

विनेलच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ''तू?''

''तुम्ही जाऊ नये म्हणून.''

''कुठे जाऊ नये?''

''डोथनला,'' हॉलिस म्हणाली. ''तुमच्या बहिणीकडे.''

''माझी बहीण? डोथनला?'' विनेल म्हणाली. ''अगं, मला बहीणच नाही!''

''मला माहितेय! मी आजारी होते तेव्हा तुम्हीच सांगितलं होतंत, मला ना बहीण ना भाऊ म्हणून. पण मिसेस प्रुइट बैठकीत उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, मिस विनेल आता थकल्यात, डोथनला त्यांची बहीण एकटी असते, तिच्याकडे राहायला जायचं त्यांच्या फार मनात आहे, पण पोरींना कसं सांगू म्हणून गप्प आहेत. म्हणून त्यांना मंडळात घेऊन मानाने निरोप देऊ. सगळ्या रडायला लागल्या. सटनने केकसुद्धा सांगून ठेवलाय.''

''आणि मी जर गेलेच नाही तर?''

''मंडळातल्या बाईला हाऊसमदर राहता येत नाही. नियम आहे. तुमच्या जागी हॉटेलचं शिकलेली कुणी तरुण बाई येणार आहे. ठरलंय त्यांचं.''

विनेल पलंगावर बसली. कुणाला नोकरीवरून काढायचं असेल तर आमच्याकडे काढत नाहीत. सत्कार करतात. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ड्वाइटला कंपनीने असंच घड्याळ देऊन घरी पाठवलं होतं. फक्त आपल्यासाठी कुणी एवढी मेहनत घेईल, अख्खी बहीण जन्माला घालेल, असं तिला वाटलं नव्हतं.

''मग तिथल्या तिथे बोलली का नाहीस भवाने? खोटं आहे म्हणून?''

हॉलिसने तिच्याकडे असं पाहिलं जसं काही विनेलने तिला चर्चमध्ये शिट्टी वाजवायला सांगितलं होतं. ''मिसेस प्रुइटना? सगळ्यांदेखत?''

तेही खरंच. मोठ्या बाईला चारचौघांत खोटं पाडायचं म्हणजे काय! त्यापेक्षा काळी गोटी बरी.

''आता सोमवारी परत मत आहे,'' हॉलिस म्हणाली. ''तुम्ही सांगाल ती गोटी टाकते. पांढरी म्हणालात तर पांढरी. पण मला खरं खरं सांगा, तुम्हाला काय हवंय?''

विनेलने हॉलिसची वाईट घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाली, ''मला ती पिन हवीय गं. लाज वाटते सांगायला, पण हवीय. अठराव्या वर्षापासून हवीय.'' आणि तिने पिवळ्या झग्याची गोष्ट सांगितली, त्या घरात पहिल्यांदाच.

ऐकता ऐकता हॉलिसचे डोळे मोठे झाले. ''आम्ही तुम्हाला काढलं होतं?''

''तू कुठली काढतेस! तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती.''

''मग पांढरी टाकते,'' हॉलिस म्हणाली, आणि टॉवेलात तोंड लपवून रडायला लागली. विनेलने तिच्याकडून टॉवेल काढून घेतला, कारण तो स्वच्छ होता, आणि तिला आपला रुमाल दिला.

प्रश्न आता असा उघडा पडला. पिन घ्यायची, तर किल्ल्या द्यायच्या. मंडळातली बाई म्हणजे वर्षातून दोनदा, छातीवर नावाची चिठ्ठी लावून, या घरात पाहुणी म्हणून यायचं, सरबत प्यायचं आणि जायचं. कुठे जायचं? ओपचं घर विकलं होतं. डोथनला तर कुणीच नव्हतं. आणि पिन नको म्हणायची, तर कशी म्हणणार? बोलावण्याला नाही म्हटलं की अख्ख्या घराचा अपमान. मिसेस प्रुइट दुखावल्या असत्या, आणि तिला घालवायला त्यांना जे कारण खोटं बनवावं लागलं होतं ते आयतं खरं मिळालं असतं. हॉलिसला पुन्हा काळी टाकायला सांगावं, तर पोरी हुडकून काढणार कोण आहे ती, आणि मग त्या पोरीला या घरात पाणीसुद्धा कुणी विचारणार नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत विनेलचं मन पिनकडे झुकलं होतं. भाड्याने एखादी खोली घेऊ. पंचेचाळीस वर्षं थांबलोय, आता मिळतंय तर का सोडा? कुणाच्या बापाचं काय जातंय? असं तिने ठरवलंसुद्धा, आणि बरं वाटलं तिला.

रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी दार वाजलं. मार्लो उभी होती, झग्याची चेन पाठीवर अर्ध्यात अडकलेली, काजळ गालावर. चेन हे निमित्त होतं. त्या जिन्यावरच्या मुलाने फोनवरून निरोपाचे चार शब्द पाठवून तिला सोडलं होतं. ती आत आली आणि विनेलच्या पलंगाच्या कोपऱ्यावर बसली. सगळ्या तिथेच बसतात, गादीला तिथे खळगा पडलाय. वर तिच्या बहिणींनी भरलेला अख्खा मजला होता. पण त्यांच्यासमोर काजळ ओघळलेलं चालत नाही. विनेलने चेन सोडवली. मग तीन दिवस जिला तिने पावाला महाग केलं होतं त्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली, आणि दोघींचं चर्च बुडलं.

रविवारचं दुपारचं जेवण म्हणजे तळलेली कोंबडी, कुस्करलेले बटाटे, फरसबी, आणि पाहुणे. त्या दिवशी पाहुण्या मिसेस प्रुइट होत्या. उद्याच्या मताआधी पोरींना जरा चुचकारायला आल्या असाव्यात. विनेलने मार्लोसमोर पावांची अख्खी टोपली ठेवली, मग टोकाला जाऊन उभी राहिली आणि ग्लासवर चमचा वाजवला.

''पोरींनो,'' ती म्हणाली, ''जेवताना सांगू नये, पण डोथनहून निरोप आलाय. माझी बहीण गेली.''

साठ काटे थांबले. कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. हॉलिसने पाण्याचा घोट घेतला होता तो तिला खोकून बाहेर काढावा लागला.

विनेल मिसेस प्रुइटकडे बघत होती. मिसेस प्रुइट विनेलकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचे रंग बघण्यासारखे होते. तुला बहीण कुठली, असं म्हणायचं तर ती आणली कुणी, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी काटा हळूच खाली ठेवला आणि हात मोत्यांच्या माळेवर नेला.

''अरेरे विनेल! काय गं हे! किती वाईट झालं!''

''तुम्हाला तर सगळं माहीतच होतं तिचं,'' विनेल म्हणाली.

''हो... म्हणजे, ऐकून होते ना मी.''

''आता मी डोथनला जाऊन काय करू? तुमची हरकत नसेल तर इथेच राहीन म्हणते.''

सगळ्या माना मिसेस प्रुइटकडे वळल्या. साठ पोरी, त्यांतल्या निम्म्यांचे डोळे भरलेले.

''हे काय विचारणं झालं!'' मिसेस प्रुइट म्हणाल्या. ''हे तुझंच घर आहे विनेल. हवं तितकं राहा.''

आमच्याकडे चारचौघांत काढलेला असा शब्द मागे घेता येत नाही. कोर्टाच्या कागदातून पळवाट निघते, यातून निघत नाही.

पण सटन हुशार पोरगी. तिने हात वर केला. ''मिस विनेल, पण मग उद्याचं? मंडळात आलात तर तुम्हाला इथे हाऊसमदर राहता नाही येणार हो.''

इथे विनेलला तोंडाने म्हणावं लागलं. आदल्या रात्री तिने हे वाक्य कधीच म्हणायचं नाही असं ठरवून झोप घेतली होती.

''राहू दे मग ते, बाळ,'' ती म्हणाली. ''बटाटे गार होतायत. जेवा.''

आणि ती बसली. हॉलिस सोडून कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

कुणी गेलं की आमच्याकडे फुलांच्या आधी जेवण येतं. सोमवारी दुपारी मिसेस प्रुइट स्वतः आल्या, ओव्हनमध्ये भाजलेल्या चिकन-भाताचं मोठं काचेचं भांडं घेऊन, भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर स्वतःचं नाव लिहिलेलं, म्हणजे परत करायला बरं. आपणच जन्माला घातलेल्या बाईच्या मयताला स्वयंपाक करायची पाळी त्यांच्यावर आली होती आणि तो त्यांनी मन लावून केला होता. वर बदामसुद्धा पेरले होते. पोरींना बस करून अंत्यविधीला डोथनला जायचं होतं. घरच्यांपुरतंच आहे, असं सांगून विनेलने ते कसंबसं टाळलं. मग सगळ्या दिवाणखान्यात तिच्याभोवती बसल्या, कुणी खुर्चीवर, बाकीच्या गालिच्यावर.

''नाव काय हो होतं त्यांचं?'' सटनने हळुवारपणे विचारलं.

नाव! विनेलने नावाचा विचारच केला नव्हता.

''लोरीन,'' मिसेस प्रुइट पटकन म्हणाल्या. ''लोरीनच ना गं?''

''लोरीन,'' विनेल म्हणाली. त्या क्षणी दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनाही हसू दाबावं लागलं. अकरा वर्षांत त्या दोघी एकमेकींच्या एवढ्या जवळ कधी आल्या नव्हत्या.

''तुमच्यापेक्षा मोठी की लहान?'' मार्लोने विचारलं.

''मोठी. थोरली माझी.'' विनेल रुमालाशी चाळा करत होती. दोन वाक्यं बोलायची आणि भाताकडे विषय वळवायचा, असं तिने मनाशी घोकलं होतं. ''फार जवळ नव्हतो आम्ही. तिने मला कधी बोलावलंच नाही. लहानपणापासून मला वाटायचं, बोलवेल, आज बोलवेल, उद्या बोलवेल. मग मी वाट बघणं सोडलं. म्हणजे, सोडलं असं म्हणायचे आपली.'' तिचा आवाज तिला न विचारता घोगरा झाला. ''आणि आता, एवढ्या वर्षांनी, म्हणाली होती गं ये म्हणून. तिने ये म्हटलं, आणि मीच गेले नाही.''

मग ती रडायला लागली. आधी रुमालात, मग रुमालाशिवाय. पोरी भोवती गोळा झाल्या, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पाणी आणलं, सगळ्या लोरीनसाठी रडल्या, आमच्याकडे ते शिष्टाचाराला धरूनच होतं. मिसेस प्रुइट उठून भात गरम करायला स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. हॉलिस विनेलच्या पायांशी येऊन बसली आणि तिने तिचा हात घट्ट धरून ठेवला.